चार टक्के कुणाचे?

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ साली क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या, विलायतेतली मैदानं पाहिलेल्या या गृहस्थांना इथला थाट वेगळाच दिसला. मैदान लहान, गवत खडबडीत, शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून, आणि नियम आपले आपण ठरवलेले. लोकांची खरी गर्दी व्हायची ती सुमारे २५ मैलांच्या लांब शर्यतीला. ती धावणारे बहुतेक जण शेतात राबणारे तरुण होते. पायात काही नाही, रस्ता कधी मातीचा तर कधी खडीचा, शिकवायला कुणी नाही. तरीही पहिल्या तीन-चार जणांनी नोंदवलेली वेळ पाहून दोराबजी थक्क झाले. युरोपातल्या धावपटूंच्या शेजारी मांडायला हरकत नाही, अशी ती वेळ होती. दहा वर्षांनी, १९२९ साली, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकीगत सविस्तर सांगितली.

त्या शर्यतीतूनच भारतीय संघ ऑलिम्पिकला पाठवायची कल्पना निघाली. दोराबजींनी ती मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे मांडली, पैसे उभे केले, आणि १९२० साली मोजक्या खेळाडूंचा संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला रवाना झाला. मॅरेथॉनसाठी त्यात दोन नावं होती: बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. २२ ऑगस्टची ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या ठरलेल्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरनं लांब होती. दातारांना ती पूर्ण करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. फिनलंडचे हान्नेस कोलेह्माइनेन त्यांच्या सुमारे १८ मिनिटं आधी पोहोचून विजेते ठरले होते.

ही अठरा मिनिटं कुठून आली असतील? सराव, आहार, शर्यतींचा अनुभव, प्रशिक्षक, लांबचा बोटीचा प्रवास, अशी यादी करता येते. त्या यादीत बुटाला जागा द्यावी की नाही, आणि दिली तर किती, हा प्रश्न पुढची शंभर वर्षं धावणाऱ्यांच्या जगात घुमत राहिला. पहिली पन्नासेक वर्षं बूट फक्त पाय राखत होता. नंतरची चाळीसेक वर्षं तो वजन कमी करण्याच्या आणि धक्का सोसण्याच्या मागे लागला. आणि २०१६-१७ पासून तो धावणाऱ्याची ताकद वाचवू लागला, इतकी की विश्वविक्रमांच्या याद्या नव्यानं लिहाव्या लागल्या. या तिन्ही टप्प्यांत महाराष्ट्राचे पाय कुठे होते, हे पाहण्यासारखं आहे.

पाय राखणारा बूट

चौगुले अँटवर्पला धावत होते त्याच सुमारास जर्मनीतल्या हेर्झोगेनआउराख या गावात आडी डासलर नावाचा तरुण आईच्या धुण्याच्या खोलीत खेळाचे बूट शिवू लागला होता. पुढे ‘आदिदास’ झाली ती त्याच घरातून. पण लांब पल्ल्याचं धावणं हा त्या काळच्या बुटांचा कच्चा दुवा होता. चामडं भिजलं की जड होई आणि वाळलं की कडक. दोन-अडीच तासांच्या शर्यतीत धावपटूला छळायचे ते फोड.

यावर डोकं चालवलं जपान्यांनी. १९५१ साली शिगेकी तानाका यांनी बोस्टन मॅरेथॉन जिंकली ती अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेले, जपानी ‘ताबी’ पद्धतीचे बूट घालून. कोबे शहरातल्या किहाचिरो ओनित्सुका यांनी फोड येण्यामागचं कारण शोधलं. बुटाच्या आत साठणारी उष्णता हा खरा शत्रू आहे हे कळल्यावर त्यांनी हवा खेळती राहावी म्हणून बुटाला भोकं ठेवली. त्यांची कंपनी ओनित्सुका टायगर, म्हणजे आजची ‘असिक्स’.

एवढं होऊनही १९६० साली रोम ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलांना मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, तेव्हा ते अनवाणी धावले आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत विश्वविक्रमासह जिंकले. चार वर्षांनी टोकियोत त्यांनी बूट-मोजे घातले आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. अनवाणीवाले रोमकडे बोट दाखवतात, बूटवाले टोकियोकडे. खरं तर दोन्ही शर्यतींतून बुटाबद्दल ठामपणे काहीच सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं की त्या काळचा बूट असला काय आणि नसला काय, बिकिलांच्या बाबतीत फारसा फरक पडत नव्हता.

आपल्याकडे शिवनाथ सिंह हे असंच नाव. मूळचे बिहारचे, आधी लष्करात आणि मग जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात. अनवाणी धावण्यासाठी ते ओळखले जात. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ते मॅरेथॉनमध्ये ११ वे आले, आणि १९७८ साली जालंधरला त्यांनी लावलेली २ तास १२ मिनिटांची वेळ ४० वर्षांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. त्या चार दशकांत जगभरच्या बुटांत किती क्रांत्या झाल्या! कुठल्याच बुटाला तो विक्रम मोडून देता आला नाही.

शंभर ग्रॅमचा हिशेब

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांना वजनाचं वेड होतं. बुटातला एक-एक ग्रॅम कमी झाला तर शर्यतीच्या शेवटी किती ओझं वाचेल, याचा हिशेब ते विद्यार्थ्यांना ऐकवत. त्यांचाच एक जुना विद्यार्थी फिल नाइट याच्याबरोबर त्यांनी १९६४ साली ओनित्सुकाचे बूट अमेरिकेत विकायला सुरुवात केली. त्या धंद्यातून ‘नायकी’ उभी राहिली. १९७१ साली बॉवरमननी बायकोच्या वॅफल भाजण्याच्या साच्यात रबरी द्रव ओतला आणि चौकोनी खुंट्यांचा, हलका आणि रस्ता पकडणारा सोल तयार केला. दशकाच्या मध्यावर ‘ईव्हीए’ नावाचा फोम बुटात आला. टाच आणि रस्ता यांच्यामध्ये पहिल्यांदाच खरोखर मऊ असं काहीतरी आलं.

आता मोजणी करणाऱ्या शास्त्रज्ञांचं काम सुरू झालं. गाडीचं ॲव्हरेज काढतात तसं माणसाचं काढायचं: धावपटूला ट्रेडमिलवर ठरावीक वेगानं पळवायचं, तोंडावर मुखवटा लावायचा आणि तो किती ऑक्सिजन ओढतो ते मोजायचं. त्याच वेगाला ज्याला कमी ऑक्सिजन लागतो, त्याचं धावणं किफायतशीर. याला धावणारे ‘रनिंग इकॉनॉमी’ म्हणतात. १९८० च्या दशकात ई. सी. फ्रेडरिक यांनी एक सुटसुटीत नियम मांडला: प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की धावण्याचा खर्च साधारण १ टक्क्यानं वाढतो. नंतरच्या प्रयोगांतही तो टिकला.

कारण सोपं आहे. पाठीवरचं ओझं शरीराबरोबर पुढे सरकतं. पायातलं ओझं मात्र प्रत्येक पावलाला मागून उचलून पुढे फेकावं लागतं, थांबवावं लागतं, पुन्हा फेकावं लागतं. सैनिकांवर झालेल्या प्रयोगांत पायातल्या एका किलोची किंमत पाठीवरच्या पाच-सहा किलोंएवढी निघाली आहे. पूर्ण मॅरेथॉनमध्ये पावलं पडतात ४० हजारांच्या आसपास.

तिकडे हे हिशेब चालू असताना मुंबईच्या मैदानांवर काय होतं? पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेच्या पीटीचे, एनसीसीच्या परेडचे आणि आंतरशालेय क्रॉसकंट्रीचेही तेच. कापडी वरचा भाग, खाली तापवून चिकटवलेलं सपाट रबर, मध्ये एक पातळ तळवा. पावसात भिजले की दोन दिवस वाळत नसत, आणि शुक्रवारी रात्री खडू नाहीतर पांढरं पॉलिश फासून शनिवारच्या कवायतीला तयार करायचे. ते रबर जड होतं आणि धक्काही सोसत नव्हतं. म्हणजे फ्रेडरिकच्या हिशेबातला तोटा पुरेपूर आणि फोमचा फायदा शून्य. परदेशी बूट हवा असेल तर कुणाचा तरी आखातातला काका किंवा जहाजावरचा मामा सुट्टीवर येण्याची वाट पाहायची. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मोठ्या परदेशी कंपन्यांची दुकानं उघडली, तेव्हा कुठे चांगला रनिंग शू उपनगरातल्या रस्त्यावर काचेआड दिसू लागला. किंमत पाहून बहुतेक जण पुढे निघून जात.

नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणीच धावायला शिकली. घरच्या परिस्थितीत परवडणारा खेळ म्हणून धावणं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १० हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव घरोघरी पोहोचलं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायी, कधी धावत जायचा, आणि पुढे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. महाराष्ट्राचे चांगले लांब पल्ल्याचे धावपटू बहुतांशी अशा घरांतून आले. बुटांच्या प्रगतीत जगानं जी वळणं घेतली, ती त्यांच्यापर्यंत नेहमी उशिरा पोहोचली.

उलटं वारं

२००९ साली क्रिस्टोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ आलं. मेक्सिकोतले ताराहुमारा आदिवासी पातळ चपला घालून डोंगर कसे धावतात हे सांगणाऱ्या या पुस्तकानं जगभर खळबळ उडवली. पुढच्याच वर्षी हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. सवयीनं अनवाणी धावणारे लोक टाचेवर आपटत नाहीत, पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि धक्का कमी घेतात, असा त्याचा सूर. झालं, बूट हाच रोग आहे असं म्हणणारी एक पिढी तयार झाली. पाच बोटांचे पातळ मोजेवजा बूट खपू लागले.

मुंबईत या वाऱ्याचा चेहरा होते मिलिंद सोमण. शिवाजी पार्कवर वाढलेला हा माणूस अनवाणी लांब अंतरं धावत होता, आणि २०१२ साली दिल्लीहून मुंबईपर्यंत सुमारे १,५०० किलोमीटर ३० दिवसांत धावत आला. त्यांना पाहून अनेकांनी बूट काढले. काहींना ते मानवलं, काहींच्या पोटऱ्या धरल्या, काहींना काचा आणि खडे लागले. शास्त्राच्या बाजूनं प्रश्न उरला तो असा: बूट काढला की वजन गेलं, मग अनवाणी धावणं स्वस्त पडायला हवं की नको?

अमेरिकेत बोल्डर इथल्या कोलोरॅडो विद्यापीठात रॉजर क्रॅम यांच्या प्रयोगशाळेनं २०१२ साली हे मोजलं. अनवाणी धावण्याची सवय असलेले १२ धावपटू घेतले, आणि अनवाणी पायांना बुटाएवढं वजन बांधून पाहिलं. वजन सारखं असताना बूट घालून धावण्याचा खर्च ३ ते ४ टक्के कमी निघाला. म्हणजे वजनानं घालवलेलं फोम भरून काढतो. अनवाणी पायाला धक्का सोसण्यासाठी स्नायूंना जास्त काम करावं लागतं. ते काम फोम करतो. साधा हलका बूट आणि अनवाणी पाय यांचा जमाखर्च जवळपास बरोबरीत सुटतो. पुण्याच्या खडीवर धावणारी ती शेतकरी पोरं त्या काळच्या जड बुटांच्या तुलनेत तोट्यात नव्हती, असं मानायला यातून जागा मिळते.

आता पुढची पायरी उघड होती. वजन न वाढवता फोम जाड करता आला, आणि तो फोम दाबला गेल्यावर बरीचशी ताकद परत देणारा निघाला, तर?

चार टक्के

२०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिक झालं. पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये एलिउद किपचोगे, फेयिसा लिलेसा आणि गेलन रप या तिघांनी पदकं घेतली. तिघांच्याही पायात नायकीचे अजून बाजारात न आलेले बूट होते. हे जगाला नंतर कळलं. त्याच ऑलिम्पिकच्या महिला मॅरेथॉनमध्ये कविता राऊत धावली आणि १२० वी आली.

२०१७ च्या मे महिन्यात इटलीतल्या मोंझाच्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर किपचोगे दोन तासांच्या आत मॅरेथॉन धावायचा प्रयत्न करत होते. २ तास २५ सेकंद लागले. त्यांच्या पायातल्या बुटाचं नाव ‘व्हेपरफ्लाय’, आणि विक्रीला आला तेव्हा नावापुढे ‘४%’ जोडलेलं होतं.

हा आकडा बोल्डरच्याच प्रयोगशाळेतून आला. वाउटर होगकामर, क्रॅम आणि सहकाऱ्यांनी १८ चांगल्या धावपटूंना ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगानं पळवलं. हा बूट आणि तुलनेला घेतलेले दुसरे दोन, अशा तिन्ही बुटांचं वजन शिशाचे छर्रे लावून सारखं केलं, म्हणजे हलकेपणाचा फायदा वगळला. नव्या बुटात ऊर्जेचा खर्च सरासरी ४ टक्के कमी निघाला. कुणाला दीड टक्का, कुणाला सहाच्या वर. अभ्यासाला पैसा कंपनीचा होता आणि लेखकांतले काही जण कंपनीचे कर्मचारी होते, म्हणून शंका घेतल्या गेल्या. नंतर इतर प्रयोगशाळांनीही मोजलं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, निष्कर्ष टिकला.

जादू कशात होती? मधल्या थरात ‘पेबॅक्स’ जातीचा फोम होता. दाबताना घेतलेल्या ताकदीतली ८७ टक्के तो परत देत होता. तुलनेतल्या दुसऱ्या दोन बुटांचे आकडे सुमारे ७६ आणि ६६ होते. फोम इतका हलका की टाचेखाली तीन-साडेतीन सेंटिमीटरचा थर देऊनही बूट जड होत नव्हता. त्या थरात चमच्यासारखी वाकलेली कार्बनची पट्टी होती. सुरुवातीला सगळं श्रेय पट्टीला गेलं, लोक तिला स्प्रिंग म्हणू लागले. नंतर होगकामर यांच्याच गटानं पट्टीला आडवे काप देऊन तिचा ताठपणा घालवला आणि पुन्हा मोजलं. खर्चात फारसा फरक पडला नाही. खरा नायक फोम होता.

पुढची तीन वर्षं विक्रम पत्त्यांसारखे कोसळले. २०१८ मध्ये बर्लिनला किपचोगे २ तास १ मिनिट ३९ सेकंद. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात, विक्रमाच्या नियमांबाहेरच्या खास शर्यतीत, १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिजिड कोस्गेई यांनी महिलांचा १६ वर्षं टिकलेला विक्रम २ तास १४ मिनिटं ४ सेकंदांवर आणला. अखेर ३१ जानेवारी २०२० ला जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं नियम काढला: रस्त्यावरच्या बुटाचा सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, आत पट्टी एकच, आणि बूट शर्यतीआधी चार महिने बाजारात विकत मिळायला हवा.

बाजारात मिळतो म्हणजे कुणालाही मिळतो, हे त्या नियमामागचं गृहीत. जगात कुठेतरी ते खरं असेलही.

पेडर रोड आणि कान्हेरी

मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा धावली गेली १५ फेब्रुवारी २००४ ला. तिच्या विक्रमांच्या यादीत नव्या बुटांचा शिरकाव स्पष्ट दिसतो. २०१६ साली गिडियन किपकेटर यांनी २ तास ८ मिनिटं ३५ सेकंदांचा विक्रम केला होता. तो २०२३ साली हायले लेमी यांनी २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांवर आणला. महिलांचा २०१३ चा २ तास २४ मिनिटं ३३ सेकंदांचा विक्रमही त्याच दिवशी अंचालेम हायमानोत यांनी १८ सेकंदांनी मोडला. त्या दिवसांत मुंबईत चांगली थंडी पडली होती हेही खरं, आणि म्हणून सगळं श्रेय बुटाला देता येत नाही.

भारतीय पुरुषांची यादी मात्र निराळं सांगते. नितेंद्र सिंह रावत यांनी २०१६ साली मुंबईत लावलेली २ तास १५ मिनिटं ४८ सेकंदांची वेळ २०२५ च्या शर्यतीपर्यंत एकाही भारतीयाला मोडता आली नाही. बूट आले, वेळ तिथेच राहिली.

आता हौशी धावपटूंच्या बोरीवलीला या. मॅरेथॉनचं अंतर उपनगरातल्या माणसाला रेल्वेच्या भाषेत चटकन कळतं: चर्चगेटहून निघायचं, ३४ किलोमीटरवर बोरीवली, ते मागे टाकून दहिसर, मीरा रोड, आणि जवळजवळ भाईंदर. शर्यतीच्या रविवारी पश्चिम रेल्वे पहाटे खास लोकल सोडते तेव्हा छातीवर नंबर लावलेली गर्दी डब्यात दिसते, आणि पायांकडे पाहिलं तर नारिंगी, पोपटी, गुलाबी जाड सोलांची रांग. त्यातले बरेच बूट वीस हजारांच्या आसपासचे असतात.

या पायांचा सराव होतो तो नॅशनल पार्कात. हायवेलगतच्या मोठ्या दरवाजातून आत शिरलं की सुरुवातीचा रस्ता झाडीतला आणि सपाट. पुढे कान्हेरीच्या लेण्यांकडे तो चढू लागतो आणि शेवटचा टप्पा पोटऱ्यांचा हिशेब चुकता करतो. बोल्डरमध्ये २०२१ साली नेमकं हेच मोजलं गेलं. ताशी १३ किलोमीटर वेगाला सपाटीवर ३.८ टक्के बचत करणारा बूट ३ अंशांच्या चढावर २.८ आणि तेवढ्याच उतारावर २.७ टक्के बचत करत होता. कान्हेरीचा चढ असो की शर्यतीच्या उत्तरार्धातला पेडर रोड, बूट तिथे मदत करतोच, पण हात थोडा आखडता घेतो.

त्याहून महत्त्वाचा आकडा वेगाचा. बोरीवलीहून जाणारे बहुतेक हौशी धावपटू पूर्ण मॅरेथॉन चार ते पाच तासांत, त्याहून सावकाशही, पुरी करतात. ताशी १० किलोमीटर म्हणजे सव्वाचार तास. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डस्टिन जुबेर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात या वेगाला अशा जाड फोमच्या, पट्टीवाल्या बुटांची सरासरी बचत १ टक्क्याच्याही आत, ०.९ निघाली, आणि काहींना तर उलट तोटा झाला. ताशी १२ ला ती १.४ होती. कमी वेगानं धावणारा माणूस फोमवर तेवढा जोर टाकत नाही, म्हणून फोमकडे परत देण्यासारखं फारसं नसतं. त्यात हा फोम काही शे किलोमीटरनंतर मरगळतो. आणि २०२३ सालीच पट्टीचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायातल्या ‘नाविक्युलर’ नावाच्या हाडाला झालेल्या इजा डॉक्टरांनी नोंदवल्या. मुंबईच्या पेव्हर ब्लॉकवर उंच, मऊ सोल घालून घोटा कसा मुरगळतो, हे सांगायला संशोधकही लागत नाही.

मग चार टक्क्यांचा खरा हकदार कोण? पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. हा वेग होतो ताशी साडेअठरा किलोमीटर, म्हणजे बोल्डरच्या प्रयोगातल्या सर्वांत वरच्या वेगापेक्षाही जरा जास्तच. दहिसर-बोरीवलीच्या मैदानांवर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं या वेगाच्या जवळपास धावत असतात. कुणाच्या पायात सहाशे-सातशेचे बूट, कुणी अनवाणी. त्यांच्यातलाच एखादा पुढे लष्करात जातो आणि क्रॉसकंट्रीत चमकतो. अविनाश साबळे असाच गेला, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून ६१ मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय ठरला. ज्याच्या पायात हा बूट खरं काम करेल त्याला तो परवडत नाही, आणि ज्याला परवडतो त्याच्या पायात त्याचं निम्मंसुद्धा काम होत नाही. शंभर वर्षांच्या बूटशास्त्राचा आपल्या रस्त्यावरचा ताळेबंद हा असा आहे.

तर मग

बुटाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बूट ताकद वाचवतो हे आता वादातीत आहे. पण वाचलेली ताकद वापरायला मुळात ती असावी लागते, आणि ती फडेप्पा चौगुले यांच्यासारख्यांकडे होती म्हणूनच दोराबजींनी खिशात हात घातला. त्यांनी पाहिलं ते घड्याळ. पोरांच्या पायात काही नाही म्हणून त्यांनी तोंड फिरवलं नाही.

बोरीवली, कांदिवली, दहिसरच्या रनिंग ग्रुपांना म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. सव्वाचार तासांत धावणाऱ्यानं हलका, पायाला नीट बसणारा, फोम न मेलेला पाच-सात हजारांचा बूट घ्यावा. त्याचं काम भागतं. उरलेल्या पैशांचा एक सामाईक डबा करावा. जिल्ह्याच्या शर्यतीत पहिल्या दहांत येणाऱ्या, घरची ऐपत नसलेल्या मुलामुलींना शर्यतीपुरते चांगले बूट त्यातून द्यावेत, त्यांच्या मापाचे आणि नवे. जिल्हा ॲथलेटिक्स संघटनांनीही तंबू, ट्रॉफ्या आणि टी-शर्टांच्या खर्चात बुटांसाठी एक रकाना वाढवावा. ग्रुपात वीस जण असतील तर दर वर्षी एका मुलाचे बूट सहज निघतात. पुढच्या जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची नोंदणी करताना हा विषय पहिल्याच बैठकीत घ्या.